हर्णैच्या बंदराजवळ तीन रात्री

पत्र :

सप्रेम नमस्कार. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. डोंबिवलीत सासूसासरे, सात वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघे असे एका लहान घरात राहतो. दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत असल्याने रोजचे चार तास लोकलमध्ये जातात आणि घरी आल्यावर आमचे बोलणे शाळेची फी, किराणा आणि सासऱ्यांची औषधे एवढ्यावर संपते. लग्नानंतर आम्ही दोघेच असे कुठेही गेलेलो नाही. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन दिवस समुद्रकाठी जायचे मनात आहे. यांचे म्हणणे गोव्याला जाऊ, मैत्रीण अलिबागकडचे एक रिसॉर्ट सुचवते. मला मात्र गर्दी आणि मोठ्या आवाजातली गाणी नको आहेत आणि सगळा मिळून खर्च १२ हजारांच्या वर जाऊन चालणार नाही. मी शाकाहारी आहे, यांना मासे लागतात. सासूबाईंना काय सांगावे, हेही सुचत नाही. आणि खरे सांगायचे तर मनात एक धास्ती आहे : तिथे गेल्यावर आमच्याकडे बोलायला काही उरलेच नसेल तर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शेवटची ओळ वाचताना तुम्हाला ती लिहिणे जड गेले असावे असे जाणवले, म्हणून तिच्याकडे मी शेवटी सावकाश येईन. आधी जागेचे बोलू, कारण जागा चुकली तर पुढचे सगळेच बिघडते.

गोवा किंवा अलिबाग यांपैकी कोणतेही ठिकाण मी तुम्हाला सुचवणार नाही. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात हर्णैला जा आणि मुक्काम मात्र हर्णैत न करता खाडीच्या पलीकडे, आंजर्ल्यात करा. हर्णै हे मासेमारीचे जुने आणि नांदते बंदर आहे. त्याला लागून पाजपंढरी ही कोळ्यांची वस्ती, मग जोग नदीची खाडी आणि खाडीपलीकडे नारळी-पोफळीच्या आगरांत दडलेले आंजर्ले. पूर्वी हे अंतर तरीतून पार करावे लागे, आता पूल झाला आहे. दक्षिणेला मुरूड आणि कर्दे ही गावे आहेत. तिथली पुळण लांबलचक आणि सुरेख आहे, पण शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्या तिकडेच वळतात, त्यामुळे तुमच्यासाठी मी ती बाजूला ठेवते.

मासेमारीच्या गावाचाच आग्रह धरण्यामागे माझा एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे कोकणातल्याच एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. खोली समुद्रासमोर होती, पैसेही चांगलेच मोजले होते. सकाळी चहा घेऊन अंगणात बसलो की कोणीतरी बोटीची फेरी विचारायला येई, वाळूत पाऊल टाकले की उंटवाला आणि घोडागाडीवाला मागे लागत आणि रात्री शेजारच्या आवारात कुठल्याशा कंपनीच्या सहलीचा स्पीकर दीडपर्यंत वाजत राहिला. मला त्या माणसांचा राग आला नाही. त्यांचे पोट आमच्यावर होते आणि हंगामाच्या चार महिन्यांत त्यांना वर्षाची कमाई करायची होती. पण ज्या गावाचे पोट पाहुण्यांवर चालते, तिथे पाहुण्याला एकटे सोडणे गावाला परवडत नाही, हे तेव्हा माझ्या चांगलेच लक्षात आले. ज्या गावाचे पोट जाळ्यावर चालते, तिथली गोष्ट वेगळी असते. तिथे माणसे आपापल्या कामात असतात, तुम्ही आलात काय आणि बसलात काय, त्यांच्या दिवसात फरक पडत नाही. तुम्हाला जी शांतता हवी आहे ती बहुधा हीच आहे. तशी बंदरावर आरडाओरडा, इंजिनांची धडधड, बर्फ फोडल्याचा आवाज हे सगळे असतेच, पण त्यातले काहीही तुम्हाला उद्देशून नसते.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही हर्णैला गेलो. दुपारी चारच्या सुमाराला बंदरावर पोहोचलो तेव्हा मोठ्या बोटी आत नांगर टाकून उभ्या होत्या आणि लहान होड्या माल घेऊन किनाऱ्याकडे येत होत्या. पोटरीभर पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाडीत टोपल्या चढत होत्या. बैल लाटेकडे न बघता रवंथ करत होते. वाळूवर सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग पडत होते आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचे कडे जमून लिलाव सुरू होत होता. बोली लावणाऱ्याचा आवाज फार मोठा नव्हता, आकडा चढत जाई आणि दोन मिनिटांत ढीग कोणाच्या तरी नावावर होई. जवळच एक म्हातारे गृहस्थ फाटलेले जाळे पायाच्या अंगठ्यात ताणून धरून सुईने विणत बसले होते. आम्ही त्यांच्यापासून चार हातांवर, उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीला टेकून तास-दीड तास बसलो. त्यांनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिले, ‘बसा’ म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात डोके घातले. दुसऱ्या कोणीही आम्हाला काही विचारले नाही. इतक्या माणसांच्या मध्ये बसून इतके निवांत मला क्वचितच वाटले आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. बंदराला वास असतो, आणि तो सुक्या मासळीचा, डिझेलचा, कुजलेल्या जाळ्यांचा असा उग्र असतो. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा पहिली दहा मिनिटे तुम्हाला जड जातील. पुढे नाक सरावते. तरीही त्रास होऊ लागला तर कनकदुर्गाच्या बाजूला चढून जा. तिथे दीपगृह आहे, वारा समुद्रावरून येतो आणि खालचे सगळे बंदर एका नजरेत दिसते. मुक्काम आंजर्ल्यात करा असे म्हणण्याचे एक कारण हा वास आहे आणि दुसरे कारण पहाट. बंदराला पहाट नसतेच, तिथे रात्रीही काम चालू असते. आंजर्ल्यात मात्र पहाटे माडांच्या झावळ्यांचा आणि दूरच्या लाटांचाच काय तो आवाज येतो.

आता दिवस कसे निवडायचे ते सांगते, कारण स्वस्ताई आणि निवांतपणा या दोन्ही गोष्टी जागेपेक्षाही वारावर अधिक अवलंबून असतात. रविवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या परतू लागतात, त्यामुळे सोमवारी निघून गुरुवारी परतणे सर्वांत चांगले. तीच खोली, जिच्यासाठी शनिवारी घासाघीस करता येत नाही, ती मंगळवारी पुष्कळ कमी भाड्यात मिळते आणि बऱ्याचदा सगळ्या घरात पाहुणे म्हणून तुम्ही दोघेच असता. नाताळपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुटी टाळा. शिमग्याचे दिवसही टाळा, कारण तेव्हा कोकणातली घरे मुंबईहून आलेल्या घरच्याच माणसांनी भरलेली असतात आणि बोटीही किनाऱ्याला लागलेल्या असतात. जून-जुलैत राज्यात मासेमारीला बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. तुमचे जानेवारी-फेब्रुवारीचे मनात आहे, ते योग्यच आहे.

वार ठरला की तिथी पाहा. आमच्या लहानपणी किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ काढायला एक सोपा हिशेब सांगत : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. थोडेफार मागेपुढे होते, पण अंदाज चुकत नाही. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे गेलात तर संध्याकाळी पाच-सहाला समुद्र दूर गेलेला असतो, ओली घट्ट वाळू मैलभर मोकळी असते आणि सूर्य बुडेपर्यंत दोघांना शेजारी शेजारी चालता येते. अष्टमीच्या सुमाराला गेलात तर त्याच वेळी पाणी सुरूच्या झाडांजवळ आलेले असते आणि चालायला पायाखाली भुसभुशीत वाळूची चिंचोळी पट्टीच उरते. मी तुमच्या जागी असते तर पौर्णिमेच्या आसपासचा मंगळवार-बुधवार निवडला असता, कारण सूर्य मावळतो आणि चंद्र डोंगरामागून वर येतो, तेव्हा घरी परतायची घाई राहत नाही.

प्रवासाचे पाहता तुम्हाला डोंबिवलीहून दिवा स्टेशन जवळचे आहे. सकाळी तिथून सुटणारी सावंतवाडीची गाडी खेडला थांबते आणि दुपारपर्यंत तिथे पोहोचवते. मांडवी एक्सप्रेसही खेडला थांबते, पण तिचे आरक्षण आधी करावे लागते. खेडहून दापोली सुमारे ३० किलोमीटर आहे आणि दापोलीहून हर्णै साधारण १५ किलोमीटर. दोन्ही टप्प्यांना एसटी मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ते तुमच्या हिशेबात धरा. दापोलीहून आंजर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात, म्हणून दापोलीला तीन-चारच्या आत पोहोचता येईल असे बघा. उशीर झालाच तर रिक्षा मिळते, पण तिचे भाडे बसण्याआधी ठरवून घ्या.

खोलीच्या बाबतीत मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण जोडप्यांची खरी निराशा इथे होते. आंजर्ल्यात मोठी हॉटेले फार नाहीत. गावातल्या कुटुंबांनी आपल्या घराला जोडून किंवा आगरात दोन-चार खोल्या बांधल्या आहेत आणि तिथेच जेवणाची सोय असते. माणसे अगत्याची असतात, मात्र घरगुती मुक्काम म्हणजे कधी कधी मालकांच्या माजघराला लागून असलेली खोली, पातळ भिंत आणि अंगणातून सगळ्यांच्या देखत जावे लागेल असे न्हाणीघर. नऊ वर्षे एका लहान घरात काढून तुम्ही पुन्हा तशाच घरात जाऊ नये. म्हणून फोन करताना संकोच न ठेवता स्पष्ट सांगा की आम्ही दोघेच येणार आहोत, आम्हाला स्वतंत्र दार असलेली, आत संडास-न्हाणी असलेली आणि शक्यतो आगराच्या टोकाची खोली हवी आहे. त्यानंतर विचारा की त्या तारखांना एखाद्या मोठ्या ग्रुपचे बुकिंग आहे का. हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग पश्चात्ताप करतात. बारा जणांचा एक गट शेजारी असला तर आंजर्लेही अलिबागसारखे वाटू लागते. समुद्र किती पावलांवर आहे, हेही विचारा. ‘सी व्ह्यू’ नसला तरी काही बिघडत नाही. कोकणातली जुनी घरे वाऱ्यापासून बचावासाठी किनाऱ्यापासून मागे, झाडांच्या आडोशाला बांधलेली असतात आणि रात्री त्यांत गाढ झोप लागते. दोघांचीही आधार कार्डे जवळ ठेवा. रोख पैसे दापोलीतूनच घेऊन निघा, कारण मोबाइलचे नेटवर्क गेले की ऑनलाइन पैसे देणे अडते. बॅटरीही ठेवा, वीज जाते.

जेवणाचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. आंजर्ल्यातल्या पुष्कळ घरांत शाकाहारीच स्वयंपाक असतो आणि तिथे बाहेरून मासे आणून करून द्या म्हणणे बरे नव्हे, तेव्हा तेही आधी विचारून घ्या. तुम्हाला तिथे कुळथाची पिठी, डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि आधी सांगितले तर उकडीचे मोदकही मिळतील. दुपारचे जेवण तुमच्या पतींनी हर्णैतल्या एखाद्या खाणावळीत घ्यावे. बोटीवरून उतरलेली सुरमई त्याच दिवशी तव्यावर पडलेली असली की तिची चव निराळीच लागते आणि डोंबिवलीच्या बाजारातल्या बर्फातल्या मासळीशी तिची तुलना होत नाही. तिथे तुमच्यासाठीही डाळभात, भाजी असतेच. बंदरावर लिलावात मात्र भाग घ्यायच्या फंदात पडू नका. ते ढीग व्यापाऱ्यांसाठी असतात. लिलाव आटोपला की कोळणी लहान वाटे मांडून बसतात, घ्यायचे असेल तर त्यांच्याकडून घ्यावे, तेही खाणावळवाला करून देणार असेल तरच. फोटो काढण्याआधी त्या बायकांना विचारा. त्या कामावर असतात.

तीन दिवसांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण सगळे पाहायचे नाही. एका सकाळी कड्यावरच्या गणपतीला जा. आंजर्ल्याच्या टेकडीवर हे देऊळ आहे, मूर्ती उजव्या सोंडेची आहे. गाडीरस्ता असला तरी तुम्ही गावातून चढणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेने, म्हणजे पाखाडीने जा, ऊन चढायच्या आत. वर पोहोचलात की डावीकडे खाली खाडीचे मुख, हर्णैच्या बोटी आणि समुद्रात सुवर्णदुर्ग असे सगळे एकदम समोर येते. दुसऱ्या सकाळी, समुद्र शांत असेल तर, हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग पाहा. आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार होता. १७५५ साली पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तटावर मारुती कोरलेला आहे आणि महादरवाजाच्या पायरीवर कासव, ते पाय ठेवण्याआधी पाहून घ्या. आत झाडी माजलेली आहे, दुकान नाही, सावली बेताची, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर न्या. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. त्यामुळे इथे येणाऱ्यांची संख्या वाढत जाणार. मला आनंद आहेच, पण तुमचा निवांतपणा लक्षात घेता हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

तिसरी जागा आसूद, दापोली-हर्णै रस्त्यावर. तिथून पोफळीच्या बागांतून उतरत जाणारी पाऊलवाट ओढा ओलांडून केशवराजाच्या देवळाकडे चढते. बाहेर भर दुपार असली तरी त्या बागांत गारवा असतो, पाटाचे पाणी वाहत असते आणि वाट इतकी अरुंद आहे की पुढे-मागेच चालावे लागते. परतीच्या दिवशी दापोलीला जाताना ती बघून होईल. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून पिल्ले समुद्रात सोडली जातात. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलात तर घरमालकांना विचारून ठेवा. पिल्ले निघतीलच असे नसते, त्या भरवशावर तारखा ठरवू नका.

मुरूडच्या डॉल्फिन-फेऱ्या, पॅरासेलिंग, वाळूवरच्या मोटारी यांतले काहीही मी सुचवत नाही. तीन दिवस थोडे आहेत.

पैशांचा हिशेब असा मांडा. रेल्वे, एसटी, रिक्षा मिळून दोघांचे जाण्यायेण्याचे २ हजार. आठवड्यामधल्या दिवसांत खोलीला रात्री २ हजार धरले तर तीन रात्रींचे ६ हजार. दोघांच्या चहा-नाश्ता-जेवणाला दिवसाला ९०० प्रमाणे सुमारे २,७००. सुवर्णदुर्गाची होडी आणि आसूदचा फेरा यांना ८००. एकूण ११,५०० होतात आणि ५०० हाताशी राहतात. हे आकडे मी बेतासाठी धरले आहेत, भाडे फोनवर विचारून पक्के करा. एसीचा हट्ट सोडलात तर जानेवारीत काही अडत नाही आणि खोलीचे भाडेही बरेच उतरते. होडी एकट्यासाठी करण्यापेक्षा आणखी चारसहा माणसे जमेपर्यंत थांबलात तर वाट्याला कमी पैसे येतात.

समुद्राविषयी दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. आंजर्ल्याच्या पुळणीचे दक्षिण टोक जिथे खाडीला मिळते, तिथे पाण्यात उतरू नका. ओहोटी लागली की खाडीचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते आणि वरून ते शांत दिसते. इतर ठिकाणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे ते भरती चढत असताना आणि गावातल्या माणसाला विचारूनच. किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असे धरून चालू नका. निर्मनुष्य किनाऱ्याची ही दुसरी बाजू आहे.

आता सासूबाई. ऑफिसचे काम, मैत्रिणीचे लग्न, नवस असे कोणतेही निमित्त शोधू नका. निमित्त सांगून गेलात तर तीनही दिवस ते सांभाळावे लागेल आणि परत आल्यावरही. ‘आम्ही दोघे तीन दिवस हर्णैला जाऊन येतो, तोवर तुम्ही याला सांभाळाल ना?’ एवढे वाक्य पुरे आहे आणि ते तुमच्या यजमानांनी बोलावे, तुम्ही नव्हे. मुलाने आईजवळ मागितले की ती विनंती असते, सुनेने मागितले की तिची चर्चा होते. हे बरोबर नाही, पण पुष्कळ घरांत असेच आहे आणि तुम्हाला वाद घालायचा नसून सहलीला जायचे आहे. सासऱ्यांच्या औषधांचे वार लिहून डबे भरून ठेवा, मुलाच्या शाळेच्या रिक्षाचे बोलून ठेवा. मुलालाही खरे सांगा. सात वर्षांच्या मुलाला ‘आईबाबा समुद्र बघायला गेलेत आणि गुरुवारी रात्री येणार आहेत’ हे नीट कळते. रोज रात्री आठला एकदा फोन करा, मधे मधे करू नका.

आणि आता तुमची शेवटची ओळ. बोलायला काही उरलेच नसेल तर?

पहिल्या संध्याकाळी तसे होईल, त्याची तयारी ठेवा. फी, किराणा, औषधे हे विषय घरीच ठेवून आलात की काही काळ हाताला काही लागत नाही. तेव्हा खोलीत समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारू नका आणि मोबाइलही उघडू नका. पहिल्याच दिवशी, सामान टाकले की, हर्णैच्या बंदरावर जा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी बसून, दोघांचीही नजर तिसऱ्याच गोष्टीवर असताना, बऱ्याचदा बोलता येते. आम्ही त्या होडीला टेकून बसलो होतो, तेव्हा पाऊण तास आम्ही एक अक्षरही बोललो नव्हतो. जाळे विणणाऱ्या त्या गृहस्थांच्या हातांकडे पाहता पाहता माझे यजमान म्हणाले, ‘माझे आजोबा अशीच बाज विणायचे.’ लग्नाला चौदा वर्षे झाली होती आणि त्यांच्या आजोबांना बाज विणता येत होती हे मला ठाऊक नव्हते. मी विचारले, ‘सुंभाची की काथ्याची?’ मग ते सांगत राहिले. शेवटच्या टोपल्या उचलल्या गेल्या, दिवे लागले, तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते. आंजर्ल्याला परतायला आम्हाला रिक्षा मिळेना, तेव्हा पुलावरून चालत आलो.